सायटेशनच्या नकाशात नवं क्षेत्र उमटतच नाही? तपासणी कुठून सुरू करायची

सायटेशनचा नकाशा म्हणजे कोणता पेपर कोणत्या पेपरचा उल्लेख (सायटेशन) करतो त्यावरून नात्यातले पेपर जवळ मांडणारं चित्र. त्यातला एकमेकांशी दाट जोडलेला गट म्हणजे क्लस्टर, आणि पेपरच्या शेवटी दिलेले उल्लेख म्हणजे रेफरन्स. आधी लक्षणं बघा. यातलं एखादं जरी तुमच्या पडद्यावर दिसत असेल तर पुढचं वाचा.

- सगळे पेपर मिळून एकच गोळा झालाय. रंग चार आहेत, पण एक विषय कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही.
- नकाशात ठळक दिसणारी नावं सगळी वीस-तीस वर्षांपूर्वीची. गेल्या चार-पाच वर्षांत ज्यावर सगळे काम करतायत तो विषय गायब.
- डेटा तोच, तरी दर वेळी क्लस्टर वेगळे पडतात.
- कोपऱ्यात एक छोटं, घट्ट, नवंकोरं क्लस्टर दिसतं, पण आतले सगळे पेपर एकाच प्रयोगशाळेचे निघतात.
- शेवटच्या वर्षात झाडून सगळ्या विषयांचा आलेख खाली येतो.
- प्रोग्राम रेफरन्स सापडत नाहीत म्हणतो, किंवा निम्मे पेपर गाळून नकाशा काढतो.

मी रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संशोधकांना मदत करण्याचं काम करते. पीएच.डी.चे आराखडे सादर करायचे दिवस आले की दापोलीपासून सावंतवाडीपर्यंतचे विद्यार्थी लॅपटॉप घेऊन येतात आणि तक्रार बहुधा वरच्यापैकीच असते. हापूसमधला साका, किनाऱ्यावरचं मायक्रोप्लास्टिक, खारफुटी, कोकम, सड्यांवरची जैवविविधता, कातळशिल्पं: विषय बदलतात, बिघाड तेच राहतात. आणि येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी नकाशाचे रंग आणि रेझोल्यूशन (क्लस्टर किती बारीक पाडायचे ते ठरवणारं सेटिंग) यांच्याशी झटापट करून आलेला असतो. दोष तिथे क्वचितच सापडतो. तो असतो प्रोग्रामला दिलेल्या यादीत, नाहीतर पेपरांमधला कोणता धागा मोजायचा या निवडीत. म्हणून खालचा क्रम असा लावलाय की फुकट आणि पाच मिनिटांत होणारं आधी, घाम काढणारं शेवटी. क्रम मोडू नका. फाईलच तुटलेली असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

उदाहरणं मुख्यतः व्हॉसव्ह्यूअरची आहेत, कारण लायडन विद्यापीठातल्या व्हान एक आणि वॉल्टमन यांचा हा प्रोग्राम मोफत आहे आणि आपल्याकडे बहुतेक जण तोच वापरतात. बिब्लिओमेट्रिक्स किंवा साइटस्पेस वापरत असाल तरी तपासण्या याच.

१. फाईल उघडून बघा, पण एक्सेलमध्ये नाही

स्कोपस या पेपरांच्या डेटाबेसमधून सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाईल) उतरवताना रेफरन्सच्या चौकटीत खूण करावी लागते. ती राहिली तर शीर्षक, लेखक, गोषवारा सगळं येतं, फक्त ज्याच्यावर नकाशा उभा राहायचा ते रेफरन्स येत नाहीत. वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या डेटाबेसमध्येही तसंच: ‘फुल रेकॉर्ड अँड साइटेड रेफरन्सेस’ हाच पर्याय घ्यायचा. तिथे हा पर्याय घेतला की एका वेळी ५०० नोंदीच उतरतात. बाराशे पेपर असतील तर तीन फाईली घ्याव्या लागतात आणि तिन्ही एकत्र चढवाव्या लागतात. पुष्कळ जण पहिली फाईल घेऊन थांबतात. त्यात यादी सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावलेली असेल तर संपलंच, कारण मागे राहिलेल्या फाईलींमध्येच सगळे नवे पेपर असतात. ‘जुनीच नावं दिसतात’ या लक्षणाचं हे सगळ्यात स्वस्त कारण. नोंदींचा आकडा डेटाबेसमधल्या आकड्याशी जुळतो का, एवढंच बघायचं.

आता एक्सेल. एक्सेलच्या एका घरात जास्तीत जास्त ३२,७६७ अक्षरं मावतात. स्कोपसच्या फाईलमध्ये एका पेपरचे सगळे रेफरन्स एकाच घरात, अर्धविरामांनी वेगळे करून ठेवलेले असतात. एक रेफरन्स दीडशे ते दोनशे अक्षरांचा धरला तर दोनशेच्या आसपास रेफरन्स असलेला रिव्ह्यू पेपर ही मर्यादा गाठतो. ‘जरा बघावं’ म्हणून फाईल एक्सेलमध्ये उघडली आणि बंद करताना सेव्ह केली की पुढचा मजकूर तुटतो, किंवा पुढच्या ओळीत सांडून एक नवीच निरर्थक नोंद तयार होते. शिवाय लेखकांच्या नावांतली परदेशी अक्षरं बिघडतात आणि एकाच माणसाची दोन माणसं होतात. हे पडद्यावर कुठेही लाल रंगात दिसत नाही. नकाशा निघतो, फक्त चुकीचा निघतो. फाईल बघायचीच असेल तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये किंवा ओपनरिफाइन या डेटा साफ करायच्या प्रोग्राममध्ये बघा. एक्सेलला हात लावायची वेळ आलीच तर मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवून मगच लावा. शंका असेल तर दुरुस्तीच्या नादी न लागता फाईल पुन्हा उतरवा.

२. शोधशब्द काय काय ओढून आणतायत?

यादीतली कोणतीही पन्नास शीर्षकं डोळ्यांखालून घाला. वीस मिनिटांचं काम आहे आणि याला पर्याय नाही.

आपल्या भागातले शब्द शोधाला फार दगा देतात. ‘रत्नागिरी’ टाकलं की ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्यातलं रत्नागिरी हे बौद्ध स्थळ हमखास येतं, शिवाय शिरगावच्या केंद्रातून निघालेल्या ‘रत्नागिरी’ नावाच्या भाताच्या जाती येतात. आंब्याच्या जातींवर काम करणाऱ्यांनी ‘सिंधू’ टाकलं तर सिंधू नदीचं खोरं अंगावर येतं आणि ‘रत्ना’ टाकलं तर त्याच नावाचं भात. ‘कोकण’ हा शब्द तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या नावातच आहे. पत्त्यासकट सगळ्या रकान्यांत शोध घेतला तर शेळीपालनापासून मत्स्यशेतीपर्यंत विद्यापीठाचा प्रत्येक पेपर तुमच्या यादीत शिरतो. स्कोपसमध्ये ‘ऑल फील्ड्स’ घेतलं की रेफरन्समध्ये आलेला शब्दसुद्धा धरला जातो. म्हणून शीर्षक, गोषवारा आणि कीवर्ड एवढ्यातच शोध ठेवा.

उलटा दोषही तेवढाच महत्त्वाचा: जे यायला हवं ते न येणं. साक्याचं उदाहरण घ्या. फळ बाहेरून निर्दोष, कापल्यावर आत पांढरट, आंबट, हवेच्या पोकळ्या असलेला गर. आपल्याकडच्या पेपरांत त्याला ‘स्पॉन्जी टिश्यू’ म्हणतात. पण इतर देशांतल्या आंब्यांवर लिहिणारे ‘इंटर्नल ब्रेकडाउन’, ‘जेली सीड’, ‘सॉफ्ट नोज’ अशी नावं वापरतात. हे सगळे विकार एकच नव्हेत, पण कारणांची चर्चा एकमेकांत गुंतलेली आहे. फक्त पहिलं नाव टाकलं तर जगाच्या चर्चेचा निम्मा भाग बाहेर राहतो आणि कोकणातलं काम एकटंच बेटासारखं दिसतं. कातळशिल्पांचंही तेच. कशेळी, उक्षी, बारसूच्या चित्रांना कुणी ‘जिओग्लिफ’ म्हणतं, कुणी ‘पेट्रोग्लिफ’, कुणी नुसतं ‘रॉक आर्ट’. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत ‘जिओग्लिफ’ हे नाव गेलं, म्हणून आधीचं सगळं लेखन त्या नावाने सापडेल असं नाही.

यावर उपाय विषयातल्या माणसाकडून नावांची यादी घेण्याचा. आंबा बागायतीवर काम केलेल्या प्राध्यापकांशी अर्धा तास बोललात तर जे मिळतं ते कुठल्याच मेन्यूत नाही.

३. प्रोग्रामने गुपचूप काय गाळलं?

नकाशा काढताना दोन ठिकाणी आपण ‘ओके’ दाबून पुढे जातो, आणि नवं क्षेत्र नेमकं तिथेच मरतं.

पहिलं ठिकाण, किमान सायटेशनची अट. मागच्या वर्षी आलेल्या पेपरला सायटेशन किती असणार? शून्य, एक, दोन. अट वीसची ठेवलीत तर जे शोधायला निघालात तेच आधी फेकून दिलंत. उगवतं क्षेत्र शोधत असाल तर पेपरांच्या कपलिंगसाठी (समान रेफरन्सवरून पेपर जोडायची रीत, चौथ्या तपासणीत येईल) ही अट शून्यावर आणा. नकाशा गचडीचा होईल, होऊ द्या.

दुसरं ठिकाण, न जोडलेले तुकडे. काही पेपर बाकीच्यांशी जोडलेले नाहीत, सगळ्यात मोठा जोडलेला गट तेवढा ठेवायचा का, असं व्हॉसव्ह्यूअर विचारतो. हो म्हटलं की छोटे तुकडे दिसेनासे होतात. पण एखादं क्षेत्र नुकतंच जन्मत असेल तर त्याचे रेफरन्स वेगळ्याच शाखेतले असतात. मासे आणि किनाऱ्याच्या यादीत मायक्रोप्लास्टिकचे पहिले पेपर असे असू शकतात: त्यांचे रेफरन्स पॉलिमर रसायनातले, बाकीच्यांचे मत्स्यविज्ञानातले. एकदा ‘नाही’ म्हणून बघा आणि सुटे तुकडे कोणते आहेत ते वाचा.

याच पायरीवर शेवटच्या वर्षाचंही उरकून घ्या. डेटाबेसमध्ये चालू वर्षाच्या नोंदी मागाहून भरत जातात, त्यामुळे ते वर्ष कायम अपुरं असतं. आलेखातून ते काढा. ‘विषय ओसरतोय’ असा निष्कर्ष त्या वर्षावरून कधीही लिहू नका.

४. धागा कोणता मोजताय?

इथे जरा थांबून वाचा, कारण ‘जुनीच नावं दिसतात’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा घोटाळा इथे असतो.

सायटेशनवरून दोन पेपर जवळचे ठरवायच्या मुख्य रीती तीन. एक, सरळ सायटेशन: ‘अ’ने ‘ब’चा उल्लेख केला. दोन, बिब्लिओग्राफिक कपलिंग: ‘अ’ आणि ‘ब’ दोघांनी मिळून तेच जुने पेपर उल्लेखले. ही कल्पना केसलर यांनी १९६३ साली मांडली. तीन, को-सायटेशन: नंतरच्या कुणीतरी ‘अ’ आणि ‘ब’ यांचा एकत्र उल्लेख केला. ही हेन्री स्मॉल यांनी १९७३ साली मांडली आणि त्याच वर्षी रशियात मार्शाकोव्हा यांनी स्वतंत्रपणे.

फरक काळाचा आहे. कपलिंगला लागणारी सगळी माहिती पेपर छापून आला त्याच दिवशी त्याच्या रेफरन्स-यादीत असते. कालचा पेपरसुद्धा नकाशात येऊ शकतो. को-सायटेशनला मात्र नंतर कुणीतरी लिहावं लागतं, ते छापून यावं लागतं, डेटाबेसमध्ये चढावं लागतं. त्यात सहज दोन-तीन वर्षं जातात. म्हणजे को-सायटेशनचा नकाशा एखाद्या क्षेत्राचा पाया कोणत्या पेपरांवर उभा आहे ते दाखवतो. आज भिंत कुठे चढतेय ते तो दाखवत नाही. तुम्ही को-सायटेशन काढलंत आणि जुनी नावं आली तर प्रोग्रामने आपलं काम चोख केलंय.

डेरेक डी सोला प्राइस यांनी १९६५ साली सायटेशनच्या जाळ्यावर लिहिताना ‘रिसर्च फ्रंट’ ही कल्पना मांडली, ती अलीकडच्या पेपरांच्या दाट विणीबद्दल होती. ती आघाडी पकडायला कोणती रीत बरी, याची मोठी तुलना बोयॅक आणि क्लॅव्हन्स यांनी २०१० साली केली. वैद्यकशास्त्रातले वीस लाखांहून अधिक पेपर घेऊन. त्यात कपलिंग को-सायटेशनपेक्षा थोडं सरस ठरलं आणि सरळ सायटेशन सगळ्यात मागे राहिलं. त्यांचा काळाचा पट्टा पाच वर्षांचा होता, हे लक्षात ठेवायला हवं. एवढ्या कमी काळात पेपरांना एकमेकांचा उल्लेख करायला फुरसतच मिळत नाही. पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास मांडायचा असेल तर सरळ सायटेशन वापरून बघायला हरकत नाही.

माझा सल्ला असा. नवं शोधायचंय तर पेपरांचं बिब्लिओग्राफिक कपलिंग घ्या आणि काळाचे पट्टे पाडा: २०११ ते २०१५, २०१६ ते २०२०, २०२१ नंतर. प्रत्येक पट्ट्याचा नकाशा वेगळा काढा आणि शेजारी ठेवा. कोणतं क्लस्टर आधीच्या पट्ट्यातल्या कुठल्याच क्लस्टरशी जुळत नाही, ते शोधा. पाया बघायचा असेल तेव्हा को-सायटेशन घ्या. प्रबंधात दोन्ही द्या आणि कोणता कशासाठी हे स्पष्ट लिहा.

‘सरासरी प्रकाशन वर्षा’चा रंगीत थर बघून पिवळं ते नवं असं धरू नका. ती सरासरी आहे. एका कीवर्डचे दोन हजार सालचे दहा आणि परवाचे दहा पेपर असतील तर रंग मधलाच येतो आणि नवी हालचाल झाकली जाते.

५. सगळ्यांना चिकटवणारे रेफरन्स

धागा बरोबर निवडला तरी गोळा सुटत नसेल तर ही तपासणी करा. शेतीच्या विषयात मला ती जवळजवळ दर वेळी करावी लागते.

रेफरन्सची यादी वारंवारतेनुसार लावा आणि वरचे तीस वाचा. आपल्याकडच्या शेतीच्या पेपरांत तिथे पानसे आणि सुखात्मे यांचं कृषी-संख्याशास्त्राचं पुस्तक हमखास सापडतं. ते असायलाच हवं, कारण भारतातल्या दोन पिढ्या प्रयोगांचं विश्लेषण त्यावरूनच शिकल्या. सोबत मातीतल्या सेंद्रिय कर्बासाठी वॉकली-ब्लॅक, १९३४. फळप्रक्रियेत रंगण्णांचं हस्तपुस्तक. प्रथिनं मोजायला लाउरी, १९५१, जो जगात सर्वाधिक सायटेशन मिळवलेल्या पेपरांच्या यादीत अग्रभागी आहे. हे सगळे पद्धतींचे रेफरन्स. आंब्याच्या मोहरावरचा पेपर आणि नाचणीच्या खतावरचा पेपर, दोघांनी पानसे-सुखात्मे उल्लेखलं, म्हणून कपलिंग त्यांना जवळ आणतं. एसटी स्टँडवर शेजारी बसलेले दोघे नातेवाईक ठरत नाहीत, तसंच हे.

उपाय सोपा आहे, फक्त तो करताना नोंद ठेवायची. पद्धती आणि संख्याशास्त्राचे रेफरन्स वेगळे लिहून काढा. कपलिंगसाठी मी ते थेट फाईलच्या प्रतीतूनच काढून टाकते, ओपनरिफाइनमध्ये शोधून. मग नकाशा पुन्हा. कित्येकदा एवढ्यानेच गोळ्याचे तीन-चार स्वच्छ भाग होतात. कोणते रेफरन्स काढले याचा तक्ता प्रबंधाच्या परिशिष्टात द्या, नाहीतर मार्गदर्शक विचारतील तेव्हा उत्तर नसतं.

एक अपवाद आहे. तुमचा विषयच एखाद्या पद्धतीचा असेल, समजा ‘अल्प खर्चात सूक्ष्म प्लास्टिक मोजण्याच्या रीती’, तर पद्धतींचे रेफरन्स काढू नका. तिथे तेच खरे धागे आहेत.

को-सायटेशनमध्ये रिव्ह्यू पेपर असाच गोंधळ करतात. तीनशे रेफरन्सचा एक रिव्ह्यू त्या तीनशेंच्या हजारो जोड्या एका फटक्यात बांधतो. व्हॉसव्ह्यूअरमध्ये ‘फुल काउंटिंग’ऐवजी ‘फ्रॅक्शनल काउंटिंग’ घेतलं की लांब याद्यांचा जोर कमी होतो.

६. एकच पेपर, सात रूपं

लेखक रेफरन्स लिहितात तसे ते डेटाबेसमध्ये येतात. आद्याक्षरं एकात दोन, एकात एक. नियतकालिकाचं नाव कुठे पूर्ण, कुठे त्रोटक. वर्षात एकाची चूक. प्रत्येक रूप वेगळा पेपर धरलं जातं, सायटेशन विभागली जातात आणि महत्त्वाचा पेपर किमान अटीच्या खाली घसरतो. ओपनरिफाइनमध्ये सारख्या दिसणाऱ्या नोंदी गटाने दाखवायची सोय आहे. प्रत्येक गट डोळ्यांनी बघून एकत्र करा. व्हॉसव्ह्यूअरमध्ये त्यासाठी कोणतं रूप कशाने बदलायचं ते सांगणारी थिसॉरस फाईल देता येते: दोन रकाने, ‘लेबल’ आणि ‘रिप्लेस बाय’, मध्ये टॅब.

काम कंटाळवाणं आहे. सगळे रेफरन्स साफ करायची गरज नाही, वरचे दोनशे केलेत तरी चित्र बदलतं.

स्कोपस आणि वेब ऑफ सायन्सच्या फाईली एकत्र करण्याच्या फंदात सुरुवातीला पडू नका. दोघांची रेफरन्स लिहायची पद्धत वेगळी, त्यामुळे एकच पेपर दोनदा मोजला जातो आणि नकाशा विषयाऐवजी डेटाबेसनुसार फुटतो.

७. क्लस्टर खरं आहे का सेटिंगमुळे पडलंय?

रेझोल्यूशन वाढवलं की क्लस्टर जास्त, कमी केलं की कमी. यातलं ‘बरोबर’ असं एकच मूल्य नाही. म्हणून ०.८, १ आणि १.२ अशी मूल्यं देऊन, आणि रँडम सीड (प्रोग्राम गणित कुठून सुरू करतो ते ठरवणारा आकडा) बदलून, नकाशे काढा. मग चित्रं बाजूला ठेवा आणि याद्या घ्या: कोणते पेपर प्रत्येक वेळी एकत्रच राहतात? तेवढाच गाभा विश्वासाचा. कधी इकडे कधी तिकडे उडणारे पेपर सीमेवरचे आहेत, त्यांच्यावर निष्कर्ष उभा करू नका. नकाशा फिरला, डावीकडचं उजवीकडे गेलं, तर घाबरू नका. दिशेला अर्थ नसतो, अंतराला असतो.

आर किंवा पायथनमध्ये क्लस्टर पाडायला लूवेन अल्गोरिदम वापरत असाल तर लायडन अल्गोरिदमवर या. ट्राग, वॉल्टमन आणि व्हान एक यांनी २०१९ साली दाखवलं की लूवेनच्या क्लस्टरपैकी २५ टक्क्यांपर्यंत आतून नीट न जोडलेली आणि १६ टक्क्यांपर्यंत चक्क तुटलेली निघू शकतात. ज्या क्लस्टरचे दोन भाग एकमेकांना जोडलेलेच नाहीत त्याला संशोधनक्षेत्र म्हणायचं कसं?

८. पेपर वाचा

आत्तापर्यंत टिकलेल्या नव्या क्लस्टरमधले दहा-पंधरा पेपर उघडा. निदान गोषवारा, लेखक, संस्था आणि ते कुठे छापून आलेत एवढं बघा.

सगळे लेखक एकाच गटातले आणि एकमेकांचेच उल्लेख? मग तो एका प्रयोगशाळेचा कार्यक्रम आहे. चांगला असेल, पण क्षेत्र म्हणायला निदान दोन-तीन स्वतंत्र गट लागतात. सगळे एकाच विशेषांकातले? तो अंक संपला की क्लस्टर थांबतं. सगळे एखाद्या घटनेभोवती? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनारा घासत गुजरातकडे गेलं. वादळानंतर बागांच्या नुकसानीवर, किनाऱ्याच्या धुपेवर पेपर येणं स्वाभाविक आहे. साइटस्पेसमध्ये क्लाइनबर्ग यांची २००२ सालची ‘बर्स्ट’ शोधायची रीत असा उसळता शब्द लगेच पकडते. पण उसळी म्हणजे क्षेत्र नव्हे. वादळ विसरल्यावरही नवे प्रश्न घेऊन लोक लिहितायत का, ते तपासा.

वाढ मोजताना नुसती पेपरांची संख्या घेऊ नका. एकूण डेटाबेसच वाढतोय, त्यामुळे प्रत्येक विषय वाढल्यासारखा दिसतो. दर वर्षी तुमच्या विषयाचा वाटा किती, ते काढा.

रोटोलो, हिक्स आणि मार्टिन यांनी २०१५ साली उगवत्या तंत्रज्ञानाची पाच लक्षणं मांडली: मूलगामी नावीन्य, तुलनेने वेगवान वाढ, आतली सुसंगती, ठळक परिणाम, आणि अनिश्चितता. सायटेशनचा नकाशा वाढ आणि सुसंगती बऱ्यापैकी दाखवतो. बाकीच्या तिघांसाठी पेपर वाचणं आणि विषयातल्या माणसांशी बोलणं याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

९. डेटाबेसच अपुरा असेल तर

सगळ्यात कठीण तपासणी ही. कोकणातलं कितीतरी काम स्कोपसमध्ये नसलेल्या नियतकालिकांत, कृषिकोश आणि शोधगंगेवरच्या प्रबंधांत, संशोधन केंद्रांच्या अहवालांत आहे. छोटी नियतकालिकं रेफरन्सच्या याद्या क्रॉसरेफ या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला बहुधा देत नाहीत, त्यामुळे पेपर सापडला तरी त्याचे धागे सापडत नाहीत. मग नकाशात पोकळी दिसते आणि विद्यार्थी ‘या विषयावर काम झालेलं नाही’ असं लिहून मोकळा होतो. आपल्या भागातल्या लोकांनी आयुष्य घालून केलेलं काम असं एका वाक्यात पुसलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

ओपनॲलेक्स वापरून बघा. २०२२च्या जानेवारीत सुरू झालेल्या या डेटाबेसचा डेटा मोफत खुला आहे, त्याची व्याप्ती मोठी आहे आणि व्हॉसव्ह्यूअरच्या अलीकडच्या आवृत्त्या त्यातून थेट डेटा घेतात. मात्र संस्थांची नावं आणि रेफरन्स यांचा दर्जा सगळीकडे सारखा नाही. म्हणून तुम्हाला नक्की माहीत असलेले वीस स्थानिक पेपर घ्या आणि त्यातले किती सापडतात, किती रेफरन्ससकट सापडतात, ते मोजा. निम्म्याहून कमी सापडले तर त्या विषयाचा सायटेशन-नकाशा काढू नका, साहित्याचा आढावा हाताने घ्या.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

खाली दिलेल्या परिस्थितीत स्वतः झटत बसू नका.

कातळशिल्पं, स्थानिक इतिहास, लोककला असा विषय, जिथे रेफरन्स मुख्यतः पुस्तकांचे आणि मराठी लेखांचे आहेत. तिथे धागेच डेटाबेसमध्ये नाहीत. पुरातत्त्वाच्या अभ्यासकाकडे जा.

सातवी तपासणी करूनही गाभा टिकत नाही. म्हणजे डेटात तेवढा अर्थ नाही किंवा वेगळी सांख्यिकी लागणार आहे. सायंटोमेट्रिक्स (संशोधनाची आकडेवारीने मोजणी करण्याचं शास्त्र) येणाऱ्या माणसाला दाखवा. विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र विभागात असे लोक असतात, आणि दिल्लीला सीएसआयआरची निस्पर ही संस्था याच प्रकारचं काम करते.

नोंदी दहा हजारांच्या पुढे गेल्या, किंवा सारख्या नावांचे लेखक वेगळे करायचे आहेत. पाटील, सावंत, कदम यांच्या आद्याक्षरांवरून माणसं ओळखण्याचा खटाटोप हाताने होत नाही.

डेटा मोठ्या प्रमाणावर उतरवायला कुणी स्क्रिप्ट चालवायचं सुचवलं. आधी ग्रंथपालांना विचारा. वर्गणीच्या डेटाबेसवर अशी स्क्रिप्ट चालवणं करारात बसत नाही, आणि एका लॅपटॉपमुळे सगळ्या संस्थेचा प्रवेश बंद होऊ शकतो.

आणि नकाशावरून पैसे, पद किंवा विभागाचं भवितव्य ठरणार असेल तर एकट्याने काढलेला नकाशा पुढे करूच नका. संशोधनाचं मूल्यमापन आकड्यांवरून कसं करावं हे सांगणाऱ्या २०१५च्या लायडन जाहीरनाम्याच्या दहा तत्त्वांपैकी तिसरं तत्त्व स्थानिक गरजेच्या संशोधनातली गुणवत्ता जपण्याचं आहे. साका, खार जमीन, कोळंबीचे रोग यावरचं काम जागतिक नकाशात छोटं दिसणारच. ते छोटं का दिसतं हे समितीला समजावून सांगणारा विषयतज्ज्ञ शेजारी बसलेला हवा.

जाणकाराकडे जाताना चित्र एकटं नेऊ नका. मूळ, न उघडलेल्या फाईली, शोधाचं वाक्य जसंच्या तसं आणि कोणत्या तारखेला शोध घेतला ते, काढून टाकलेल्या रेफरन्सचा तक्ता, थिसॉरस फाईल, आणि प्रत्येक नकाशामागची सेटिंग एका कागदावर लिहून न्या. एवढं असलं की समोरच्याला दोष बहुतेक वेळा पहिल्या बैठकीतच सापडतो.